‘गैरवर्तन केले’ म्हणजे नेमके काय केले? : दोन दिवसांच्या एका कायदा-प्रशिक्षणाचे परीक्षण

आमची पतसंस्था सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. नऊ शाखा, एकसष्ट कर्मचारी आणि त्यांच्याखेरीज रोजची बचत दारोदार गोळा करणारे, कमिशनवरचे चाळीसएक पिग्मी एजंट, त्यांत निम्म्याहून अधिक महिला, असा आमचा पसारा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली आहे. ती आमच्याकडेही बरीच वर्षे आहे, म्हणजे तिचा फलक आहे, फलकावर पाच नावे आहेत आणि दर वर्षी वर पाठवायचा ‘निरंक’ अहवाल आहे. परवाच्या दिवाळीनंतर पहिली खरीखुरी लेखी तक्रार हाती आली, तेव्हा फलकापलीकडे आपल्याला काहीच येत नाही, हे आम्हा पाचही जणांना एकाच बैठकीत कळले. त्या तक्रारीविषयी येथे काही लिहिणार नाही, कारण त्याच कायद्याचे कलम १६ ते लिहू देत नाही. मात्र त्या बैठकीनंतर आम्ही जे प्रशिक्षण विकत घेतले त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटते, कारण अशा प्रशिक्षणाच्या शोधात आमच्यासारख्या अनेक छोट्या संस्था असतात आणि त्यांच्या हाती जाहिरातीच्या पत्रकाखेरीज काही नसते.

प्रशिक्षण देणारी संस्था खासगी आहे. दोन दिवसांचे शुल्क बावीस हजार रुपये, दोन प्रशिक्षकांचा प्रवास व मुक्काम वेगळा, आणि अठ्ठेचाळीस पानी पुस्तिका प्रत्येकी दीडशे रुपये. आम्ही बावीस जण बसलो होतो : समितीचे सदस्य, सर्व शाखाधिकारी, दोन संचालक आणि उरलेले लिपिक व एजंट. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण पुढे मला तिच्या चुकाही सांगायच्या आहेत आणि त्या चुका या क्षेत्रात सर्रास होतात.

पहिल्या दिवशी सकाळी दीपप्रज्वलन, स्वागत, नारळ हे सगळे उरकल्यावर प्रशिक्षिका उठल्या. त्या व्यवसायाने वकील आहेत. एकही प्रास्ताविक शब्द न बोलता त्यांनी फळ्यावर लिहिले : ‘दिनांक अमुक रोजी सायंकाळी सदर इसमाने माझ्याशी गैरवर्तन केले व त्यामुळे मला मनस्ताप झाला.’ मग विचारले, हा गुन्हा कोणता? कोणी विनयभंग म्हणाले, कोणी छेडछाड म्हणाले, एका शाखाधिकाऱ्यांनी ‘किरकोळ दिसतंय, समज देऊन सोडता येईल’ असा निवाडाही देऊन टाकला. त्यानंतर बाईंनी चार चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. पहिलीत एका वरिष्ठाने दार लोटून हात धरला होता आणि सोबत लॉजवर येण्याविषयी विचारले होते. दुसरीत मोबाइलवरची अश्लील चित्रफीत बळेच दाखवली होती. तिसरीत नकार दिल्यानंतरही एक जण रोज एसटी स्टँडवर थांबत होता आणि रात्री संदेश पाठवत होता. चौथीत स्वच्छतागृहाच्या झरोक्यात फोन ठेवलेला सापडला होता. चारही बायकांनी तक्रार लिहिताना फळ्यावरचे तेच एक वाक्य लिहिले, असे बाईंनी सांगितले, आणि सभागृहात थोडा वेळ कोणी काही बोलले नाही.

पहिल्या दोन घटना भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या कलम ७५ मध्ये, म्हणजे लैंगिक छळात बसतात आणि त्यांना तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तिसरी कलम ७८ चा पाठलाग आहे. चौथी कलम ७७ मध्ये येते. त्याला पुस्तिकेत ‘चोरून पाहणे’ म्हटले आहे, पण कायद्यात पाहण्याइतकेच टिपणे आणि ते इतरांना पाठवणेही आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला किमान एक वर्षाची कैद आहे. चिठ्ठ्या चार, कलमे तीन, शिक्षा निरनिराळ्या; आणि ‘गैरवर्तन’ या शब्दाने त्या सगळ्यांवर एकच चादर ओढली होती.

पुढची चाळीस मिनिटे आम्हाला ते वाक्य नव्याने लिहायला लावले. दोन दिवसांतले सर्वांत मोलाचे काम कोणते असे कोणी विचारले, तर मी हेच सांगेन. कोठे, किती वाजता, दार उघडे होते की लोटलेले, तो काय शब्द बोलला, हात कोठे लागला, तिने काय म्हटले किंवा काय केले, त्यानंतर तो काय म्हणाला, एवढेच लिहायचे, विशेषणे नकोत. माझ्या शेजारी आमच्या ज्येष्ठ रोखपाल बसल्या होत्या, तीस वर्षांची नोकरी झालेल्या, रोज लाखांची रोकड मोजताना बोट न अडखळणाऱ्या. त्यांनी ‘छातीला’ असा शब्द लिहिला, खोडला, त्यावर ‘अंगाला’ लिहिले. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘ताई, अंग म्हणजे खांदाही होतो.’ रोखपाल बाईंनी ‘अंगाला’ हा शब्द पुन्हा खोडला. कागद त्या जागी फाटेपर्यंत घासला गेला होता. मला त्या फाटक्या कागदाने पुस्तिकेच्या अठ्ठेचाळीस पानांपेक्षा अधिक शिकवले, कारण लेखी तक्रारीत कायद्याची व्याख्या पूर्ण होते की नाही, हे त्या एका शब्दावर ठरू शकते आणि नेमका तोच शब्द लिहायला आपला हात धजत नाही.

दुसरे सत्र बलात्काराच्या व्याख्येवर होते. सुरुवातीलाच बाईंनी एक गोष्ट सांगितली, जी मराठी माणसाला सांगणे फार आवश्यक आहे. आपला शब्दच ‘बलात्’ म्हणजे बळाने या अर्थापासून निघाला आहे. बोलीतली ‘बळजबरी’ही तीच. त्यामुळे बळ दिसले नाही, बांगड्या फुटल्या नाहीत, आरडाओरडा ऐकू आला नाही, तर घटनाच घडली नाही असे आपण शब्दाच्या ओघातच समजून बसतो. वर्तमानपत्रांचा ‘अतिप्रसंग’ तर त्याहून धूसर. कायदा मात्र बळ मोजत नाही, तो संमती विचारतो. कलम ६३, जे १ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३७५ होते, ते सात परिस्थिती सांगते : स्त्रीच्या इच्छेविरुद्ध, तिच्या संमतीशिवाय, मृत्यूची किंवा दुखापतीची भीती घालून मिळवलेल्या संमतीने, तो आपला पती आहे अशा तिच्या चुकीच्या समजुतीचा फायदा घेऊन, ती नशेत किंवा मनाच्या अशा अवस्थेत असताना की आपण कशाला होकार देतो हे तिला कळू नये, ती अठरा वर्षांखालील असताना, आणि ती संमती व्यक्तच करू शकत नसताना. या सातांपैकी बळाचा शब्दशः उल्लेख किती ठिकाणी आहे ते मोजून पाहावे.

संमतीची व्याख्या बाईंनी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा वेगळ्या शब्दावर थांबल्या. संमती म्हणजे स्त्रीने शब्दांनी, खुणेने किंवा कोणत्याही अन्य प्रकारे, त्या विशिष्ट लैंगिक कृतीत सहभागी होण्याची तयारी दर्शवणारा, निःसंदिग्ध आणि स्वेच्छेचा होकार. ‘निःसंदिग्ध’, म्हणजे गप्प राहणे हा होकार नव्हे. ‘स्वेच्छेचा’, म्हणजे नोकरी, कर्ज किंवा बढती यांच्या दडपणाखालचा नव्हे. ‘त्या विशिष्ट’, म्हणजे चहाला आली म्हणून पुढच्या सगळ्याला आली असे नव्हे, आणि काल हो म्हणाली म्हणून आजही हो असेही नव्हे. शिवाय २०१३ च्या दुरुस्तीने तेथे एक परंतुक जोडले आहे : केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्या कारणाने स्त्रीची संमती होती असे धरता येणार नाही. त्याच दुरुस्तीने बलात्काराची व्याख्या केवळ संभोगापुरती ठेवली नाही. शरीराच्या अन्य भागाने किंवा वस्तूने केलेला प्रवेश आणि मुखाने केलेली कृती यांचाही तिच्यात समावेश झाला.

आमच्यातल्या एका शाखाधिकाऱ्यांनी तरीही विचारले, ‘मॅडम, पण ओरडायला काय हरकत असते? अगदी पोलीस ठाण्यातही चार माणसं असतात.’ प्रश्नात खोच नव्हती, खरेच न कळल्याचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर आमच्याच राज्यात मिळते. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचे प्रकरण बाईंनी सांगितले. ज्या नावाने ते प्रकरण देशभर ओळखले जाते ते नाव त्यांनी घेतले नाही. पीडितेची ओळख उघड करणे हा आज कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि सवय लावायची तर स्वतःपासून, असे त्या म्हणाल्या. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निमूटपणे शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे असे म्हणून त्यांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात त्यांना पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणून प्रतिकार नाही, म्हणून संमती, अशी ती साखळी होती. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज पोलीस किंवा अन्य सत्ताधारी व्यक्तीच्या ताब्यात घडलेल्या प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालयाला धरावेच लागते. ‘चार माणसं होती’, बाई त्या शाखाधिकाऱ्यांना म्हणाल्या, ‘म्हणूनच ओरडता आलं नाही, सर.’

येथपर्यंत मी हे प्रशिक्षण बिनशर्त शिफारस करण्याजोगे मानले असते.

अडचण जेवणानंतर सुरू झाली, जेव्हा पुस्तिका उघडली. पुस्तिकेचा मजकूर बहुधा फार जुना असावा. तिच्यात आजही ३५४, ३५४-अ, ५०९, ३७६ हीच जुनी कलमे छापलेली आहेत, नव्या संहितेची तुलनात्मक तालिका शेवटी एका सैल कागदावर दिली आहे आणि तो कागद बावीसपैकी सात प्रतींत नव्हताच. आज कोणी तक्रार लिहू लागले तर विनयभंगाला ३५४ ऐवजी ७४, अश्लील शब्द वा हावभावांना ५०९ ऐवजी ७९ आणि बलात्काराला ३७६ ऐवजी ६४ लागते. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या घटनेला मात्र जुनीच कलमे लागू राहतात. हा भेद पुस्तिकेत नाही आणि बोलण्यातही आला नाही.

याहून मोठा दोष शब्दांचा. जी संस्था सकाळी ‘गैरवर्तन’ या शब्दाची साल काढते, तिच्याच पुस्तिकेत ‘लैंगिक अत्याचार’ हा शब्द पान ९ वर बलात्कारासाठी, पान १७ वर नकोशा स्पर्शासाठी आणि पान ३१ वर शेरेबाजीसाठी वापरलेला आहे. कायद्यात हे सगळे वेगळे आहे. प्रौढ स्त्रियांच्या बाबतीत न्याय संहितेत ‘लैंगिक हल्ला’ नावाचा स्वतंत्र गुन्हाच नाही. स्पर्शाचा गुन्हा कलम ७४ च्या विनयभंगात किंवा कलम ७५ च्या लैंगिक छळात जातो. बालकांच्या कायद्यात, म्हणजे २०१२ च्या पोक्सोमध्ये, मात्र ‘लैंगिक हल्ला’ ही नेमकी व्याख्या केलेली संज्ञा आहे : कलम ७ प्रमाणे लैंगिक हेतूने बालकाच्या गुप्तांगाला किंवा छातीला स्पर्श करणे, बालकाकडून तसा स्पर्श करवून घेणे, किंवा लैंगिक हेतूने शारीरिक संपर्काची अन्य कोणतीही कृती करणे, पण प्रवेशाशिवाय. प्रवेश असेल तर कलम ३. एकच मराठी शब्द तिन्हीकडे फिरवला की वाचणाऱ्याला वाटते, सगळे एकच आहे, आणि सगळे एकच असेल तर मोजूनमापून लिहायचे कशाला?

‘विनयभंग’ या शब्दावर तर खास सत्र हवे होते. त्याला दहा मिनिटे मिळाली. कलम ७४ ची भाषा स्त्रीचा विनयभंग करण्याच्या उद्देशाने हल्ला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग अशी आहे आणि शिक्षा एक ते पाच वर्षे. विनय हा शब्द आपल्या कानाला वागणुकीचा गुण वाटतो, म्हणून सहज प्रश्न येतो : जिच्याकडे तो ‘गुण’ नाही तिचा भंग कसा होणार? हा प्रश्न खरोखरच न्यायालयात लढवला गेला आहे. साडेसात महिन्यांच्या बालिकेवर झालेल्या अत्याचारात पंजाबमधल्या एका खटल्यात उच्च न्यायालयाने म्हटले होते की, एवढ्या तान्ह्या मुलीच्या ठायी विनयभावना उपजलेलीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये तो निकाल फिरवला आणि स्त्रीचे स्त्रीत्व जन्मापासून तिच्यासोबत असते, तेच येथे महत्त्वाचे, असे सांगितले. मला वाटते, हे एक उदाहरण दिले असते तर पुढच्या अर्ध्या तासात ‘तिचा पेहराव कसा होता’ हा विषय निघालाच नसता. तो निघाला, आणि दुसऱ्या प्रशिक्षकांनी तो हसण्यावारी नेला.

त्याच संदर्भात नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१ चा निकाल सांगायला हवा होता. बारा वर्षांच्या मुलीला कपड्यांवरून केलेला स्पर्श हा त्वचेचा त्वचेला स्पर्श नाही, म्हणून पोक्सोचे कलम ७ लागत नाही, केवळ विनयभंग होतो, असे त्यात म्हटले होते. फरक केवळ नावाचा नव्हता : विनयभंगाची किमान शिक्षा एक वर्ष, पोक्सोच्या कलम ८ ची तीन वर्षे. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द केला. स्पर्शाचा अर्थ कपड्याच्या जाडीवर नव्हे तर लैंगिक हेतूवर ठरतो, असा त्याचा गाभा. व्याख्येतला एक शब्द किती वजनाचा असतो याचे याहून जवळचे उदाहरण महाराष्ट्रात शोधून मिळणार नाही, आणि बावीस हजार रुपये घेणाऱ्या प्रशिक्षणात ते नसावे, याचे मला नवल वाटले.

दुसऱ्या दिवशीचा पहिला भाग आमच्या कामाशी थेट जोडलेला होता आणि तो पुन्हा बाईंनीच घेतला, म्हणून चांगला झाला. आमच्या एका पिग्मी एजंट ताईंनी विचारले, ‘आम्ही ऑफिसात नसतोच. दुकानदार रोज पैसे देताना हात धरून ठेवतो, त्याची तक्रार कोणाकडे करायची?’ इतकी वर्षे आम्ही हा प्रश्न समितीचा मानलाच नव्हता. बाईंनी कायद्यातली ‘कामाचे ठिकाण’ ही व्याख्या वाचायला लावली. नोकरीच्या निमित्ताने किंवा नोकरीच्या ओघात कर्मचारी जेथे जाईल ती प्रत्येक जागा, अगदी मालकाने दिलेले वाहनसुद्धा, तिच्यात येते. म्हणजे वसुलीच्या वाटेवरचे किराणा दुकान आमचे कार्यालय ठरते. ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्याही कायम नोकरांपुरती नाही. हंगामी, रोजंदारीवरचे, कंत्राटी, ठेकेदारामार्फत आलेले, पगार घेणारे न घेणारे, असे सर्व तिच्यात आहेत. त्यामुळे कमिशनवर आहे एवढे कारण सांगून तक्रार परत करू नका, असे त्यांनी संचालकांकडे पाहून सांगितले. छळ करणारा बाहेरचा असेल तर आमच्या समितीला त्याची वेतनवाढ रोखता येत नाही हे खरे, पण त्या स्त्रीची इच्छा असेल तर पोलिसांत तक्रार करण्यासाठी तिला साहाय्य करणे हे कलम १९ खाली मालकाचे कर्तव्य आहे. एजंट ताईंनी ही ओळ आपल्या पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर उतरवून घेतली.

या कायद्याच्या व्याख्येतला कळीचा शब्द ‘नकोसे’ हा आहे. शारीरिक जवळीक, लैंगिक मागणी, लैंगिक शेरे, अश्लील चित्रे दाखवणे आणि कोणतेही अन्य नकोसे लैंगिक वर्तन, अशा पाच प्रकारांत छळ सांगितला आहे. तो करणाऱ्याचा हेतू ‘थट्टेचा’ होता का, हे त्यात विचारलेले नाही. तीन महिन्यांच्या आत तक्रार, कारण पटले तर आणखी तीन महिने मुदतवाढ, नव्वद दिवसांत चौकशी, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल आणि साठ दिवसांत कारवाई, हे आकडे आम्हाला पाठ करायला लावले आणि तेही बरे झाले. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात १२ मे २०२३ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या समित्यांच्या अवस्थेविषयी नाराजी व्यक्त केली होती. चौकशीच घाईने आणि नियम मोडून केली तर तक्रारदार व आरोप झालेला, दोघांवरही अन्याय होतो, हे त्या प्रकरणातून शिकण्याजोगे असल्याचे बाईंनी सांगितले. ‘खोट्या तक्रारी’विषयी अपेक्षेप्रमाणे तीन प्रश्न आले. कलम १४ मध्ये जाणूनबुजून खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे, परंतु तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्याने ती खोटी ठरत नाही, हे त्याच कलमात लिहिलेले आहे. ते मोठ्याने वाचल्यावर चौथा प्रश्न आला नाही.

आता मुख्य तक्रार. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरे प्रशिक्षक उभे राहिले आणि पुढचे सगळे पडद्यावरून वाचून दाखवले. आमच्या एका तरुण लिपिकाने विचारले, ‘सर, पुरुषावर असं काही झालं तर?’ त्यांनी ठामपणे सांगितले, ‘कलम ३७७ आहे की.’ हे चुकीचे आहे. ३७७ हे जुन्या दंड संहितेचे कलम होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते निष्प्रभ केले, बळजबरीपुरते ते उरले होते, आणि नव्या न्याय संहितेत ते समूळ गळाले आहे. कलम ६३ मध्ये पीडित केवळ स्त्रीच असू शकते. म्हणजे आज प्रौढ पुरुषावर असा अत्याचार झाला तर त्याला दुखापत, बेकायदा डांबून ठेवणे, धमकी असली आजूबाजूची कलमे शोधावी लागतात. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा स्वतंत्र कायदा आहे, पण त्यात लैंगिक अत्याचाराला कमाल शिक्षा दोन वर्षांची. अठरा वर्षांखालचा मुलगा असेल तर पोक्सो पूर्ण लागू होतो, कारण त्यात मुलगा-मुलगी भेद नाही. हे सगळे पाच वाक्यांत सांगता आले असते. प्रश्न विचारणारा मुलगा मान हलवून खाली बसला, आणि मला अजून वाटते की तो प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नव्हता. अशा वेळी चुकीचे उत्तर ठामपणे देण्याइतके वाईट काही नाही.

पतीच्या अपवादाविषयीही असेच झाले. पत्नी अठरा वर्षांहून मोठी असेल तर पतीने केलेला संभोग कायदा बलात्कार मानत नाही. हा अपवाद नव्या संहितेतही कायम ठेवला आहे. जुन्या संहितेत वयाची ही अट पंधरा वर्षांची होती, ती २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरावर नेली. विभक्त राहणाऱ्या पत्नीच्या बाबतीत कलम ६७ लागते, दोन ते सात वर्षे. एवढे सांगायला काय हरकत होती? त्याऐवजी ‘तो घरगुती विषय आहे, त्यात आपण जायला नको’ असे म्हणून पुढची चौकट दाखवली. सभागृहातल्या सहा-सात बायका त्या क्षणी वहीत काही तरी लिहिण्यात गढून गेल्या.

पोक्सोला शेवटची पस्तीस मिनिटे मिळाली, त्यांतली दहा चहात गेली. अठरा वर्षांखालील व्यक्तीची ‘संमती’ या कायद्यात ग्राह्य नाही, आणि असा गुन्हा घडल्याचे कळूनही पोलिसांना न कळवणे हाच कलम २१ खाली गुन्हा आहे, हे मात्र स्पष्ट सांगितले गेले. वैद्यकीय तपासणीवर एकच चौकट होती. ती चांगली होती, म्हणून तिचा सारांश येथे देते : तपासणी स्त्रीच्या संमतीनेच, खबर मिळाल्यापासून चोवीस तासांत; सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने उपचार विनामूल्य आणि तत्काळ द्यायचे; आणि जुन्या काळची ‘दोन बोटांची चाचणी’ करणारा डॉक्टर गैरवर्तणुकीचा दोषी धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बजावले आहे. घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, जवळच्या पोलीस ठाण्याने खबर नोंदवून घ्यायची, हद्दीचा वाद नंतर. हे ‘शून्य’ क्रमांकाच्या एफआयआरचे प्रकरण आमच्या संचालकांना ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते.

पैसे वसूल झाले का? पहिल्या प्रशिक्षिकेच्या साडेतीन सत्रांसाठी झाले, उरलेल्यासाठी नाही. आम्ही संस्थेला चार मुद्द्यांचे पत्र पाठवले : पुस्तिकेतली कलमे, ‘लैंगिक अत्याचार’ या शब्दाचा सैल वापर, ३७७ विषयीचे उत्तर आणि पोक्सोचा तुटपुंजा वेळ. पंधरा दिवसांनी उत्तर आले. पहिला आणि तिसरा मुद्दा मान्य, पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली की बावीस प्रती विनामूल्य पाठवू असे आश्वासन, आणि पोक्सोवर अर्ध्या दिवसाचे वेगळे सत्र आठ हजारांत. दुसऱ्या मुद्द्यावर एक ओळही नव्हती, आणि नवी पुस्तिका हे लिहीपर्यंत आलेली नाही.

घ्यायचे असेल तर घ्या, पण ठरवताना काही गोष्टी लेखी मागा. दोन्ही दिवस प्रशिक्षिका त्याच असतील का, हे विचारा. पुस्तिका आधी एक प्रत मागवून तिच्यात ६३, ६४, ७४ ते ७९ हे आकडे दिसतात का ते पाहा. पोक्सो पहिल्या दिवशी सकाळी ठेवायला सांगा, विशेषतः तुमची संस्था शाळा किंवा वसतिगृह चालवत असेल तर. आणि सभागृहात नुसत्या खुर्च्या मांडू नका, टेबले मांडा, कारण त्या फळ्यावरच्या वाक्याचा सराव मांडीवर कागद घेऊन होत नाही. आमच्या समितीच्या तक्रार-अर्जात ‘गैरवर्तनाचे स्वरूप’ असा एका ओळीचा रकाना होता. आता तेथे ‘काय घडले ते क्रमाने लिहा’ असे छापले आहे आणि खाली दीड पान कोरे सोडले आहे.